मामंजींच्या नावेचं पांघरूण

गाढवपणा करायला तोंड उघडावं लागतं, असा तुमचा समज असेल तर तो आधी काढून टाका. मी तोंड मिटून केलेला आहे. नुसती मान हलवून! आणि तोही असातसा नाही, अख्खी गल्ली सकाळी सकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसली, एवढा.

बसा, कॉफी गरम आहे. निवायच्या आत सांगून होईल.

मी सांगलीची. लग्न होऊन तंजावरला आले. राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं घर. घरात माणसं चार: मामंजी, सासूबाई, हे आणि मी. बोलतात सगळे मराठीच, पण ती मराठी कशी? तीनशे वर्षं बरणीत मुरलेली, आणि वरून तमिळचा हेल. पहिले काही दिवस मला कुणीतरी बखर वाचून दाखवतंय असंच वाटायचं. त्यातून मी मुळातच अबोल. एका शब्दात काम भागत असेल तर दुसरा खर्च करत नाही, आणि मान हलवून भागत असेल तर पहिलाही नाही. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "सून बरी आहे. बोलते कीं नाही तें अजून कळलें नाही."

घरात पाचवी होती ती नाव. लाकडाची, खरीखुरी. मामंजी पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. कालवे तपासायला खात्याची एक जुनी नाव होती. मामंजी निवृत्त झाले त्याच सुमारास ती मोडीत निघाली. लोक निवृत्तीनंतर काशीला जातात. मामंजी नाव घेऊन घरी आले.

आता ह्या नावेचा मला काय उपयोग, ते नीट ऐका, कारण सगळं त्यावर आहे. घरात नवरा-बायकोनं चारचौघांत बोलायचं नाही, अशी रीत. हे समोर आले की मी भांडी घासायला लागायची, घासलेलीसुद्धा. पण कालव्याला पाणी असेपर्यंत दर रविवारी संध्याकाळी मामंजी ओट्यावरून हुकूम सोडायचे, "दोघें जा आणि नाव फिरवून आणा. चालवली नाही तर फळ्या आखडतात." फळ्या आखडत होत्या की नाही देव जाणे! पण काठ जरा लांब गेला की माझं तोंड जे सुटायचं, ते परत काठाला लागेपर्यंत मिटत नसे. हे वल्ही मारायचे आणि हसायचे. "घरांत तूं कोण असतेस?" म्हणायचे.

तर ही नाव ऐप्पसी महिन्यात, म्हणजे आपल्या दिवाळीच्या सुमाराला, बैलगाडीवर घालून घरी आणायची. तेव्हा कालवा फुगतो. मग ती आमच्या ओट्यासमोर, गल्लीतच, दोन दगडांवर पुढच्या आडी महिन्यापर्यंत, म्हणजे आपल्या आषाढापर्यंत, उभी. गल्लीतल्या लोकांना वळसा घालून जावं लागायचं. इथला हिवाळा म्हणजे काय, तर आधी धो धो पाऊस, मग मार्गळीचं, म्हणजे मार्गशीर्षातलं दव, आणि लगेच ऊन. लाकूड बिचारं फुगावं की तडकावं ह्या विचारातच संपायचं. माझ्या पहिल्याच हिवाळ्यात पावसानं नाव काठोकाठ भरली आणि तळाची एक फळी मऊ पडली. सासूबाईंनी तिच्यात बोट घातलं. बोट गेलं!

"झालें," सासूबाई म्हणाल्या. "भोगीच्या आंत हिच्यावर नीट पांघरूण पडलें तर पडलें. नाही तर भोगीला हीच होळी."

भोगी म्हणजे पोंगलच्या आदला दिवस. घरातलं जुनंपानं दारात जाळायचं. सासूबाई म्हणाल्या म्हणजे जाळणारच. नाव गेली तर मी पुढचं सगळं आयुष्य घासलेली भांडी घासणार की काय?

पांघरुणाचा शोध सुरू झाला. आधी लग्नातला जुना जमखाना घातला. त्यानं पाणी अडवलं नाही, साठवून ठेवलं. त्याला असा वास सुटला की दूधवाला आमचं दूध शेजारच्या तमिळ मामींकडे ठेवून जायला लागला. मग हे लॉरीवाल्यांच्या दुकानात ताडपत्री पाहून आले. मजबूत, मेण लावलेली, पितळी कड्यांची. किंमत ऐकून सासूबाई म्हणाल्या, "त्या लांकडाला नवें कापड? आणि मी हें लुगडें किती वर्षें नेसतें आहें?" ताडपत्री संपली. पत्रा मामंजींना नको. पाऊस वाजला की त्यांना झोप नाही. माझ्या माहेरची घोंगडी मी मनातल्या मनात सुचवली आणि मनातच परत घेतली.

शेवटी एक दिवस जेवताना मामंजी म्हणाले, "सूनबाई कृष्णाकाठची आहे. नावेचें तिला कळतें. तीच ठरवील."

मी मान हलवली. खरं तर कृष्णेच्या नावेत मी दोनदा बसले होते आणि दोन्ही वेळा डोळे मिटून. पण सून म्हणून पहिल्यांदाच काहीतरी मोठं काम आलं होतं. अटी दोन. मामंजींची: "आडीपर्यंत टिकलें पाहिजे." सासूबाईंची: "स्वस्त पाहिजे."

आणि मला सुचलं! सगळ्या तंजावरात झोपड्यांवर काय असतं? चहाच्या टपऱ्यांवर काय असतं? नारळाच्या विणलेल्या झावळ्या. ऊन खातात, पाऊस खातात, आणि पैशाला पासरी. दोन लांब बांबू, आडव्या कामट्या, त्यावर झावळ्या, काथ्यानं बांधलं की झालं नावेचं छप्पर. इतकं सोपं कुणाला सुचलं नाही, ह्याचं मला नवल वाटलं. नवल वाटलं तेव्हाच थांबायला हवं होतं.

बेतही मस्त जमला. दुसऱ्या दिवशी वैकुंठ एकादशी. पहाटे विष्णूच्या देवळात स्वर्गाचं दार उघडतं, सासूबाई आणि हे अंधारातच तिकडे जाणार. मामंजी खोकल्यानं बेजार, ते घरीच. तेवढ्यात मी नाव झाकून मोकळी! परत येतात तो काम फत्ते.

कालव्याच्या पुलाजवळ झावळीवाला बसायचा. माझं तमिळ तेव्हा बाजारापुरतं. त्याच्याकडे दोन ढीग. एक मोठा, वाळलेल्या तपकिरी झावळ्यांचा. दुसरा छोटासा, झाडाखाली बाजूला ठेवलेला, हिरव्यागार ताज्या झावळ्यांचा. आता तुम्हीच सांगा, भाजी घेताना आपण वाळलेली घेतो का? मी हिरव्या ढिगाकडे बोट केलं.

झावळीवाल्याचा चेहरा एकदम पडला. खांद्यावरचं पंचावजा फडकं काढून त्यानं कमरेला बांधलं, आणि अदबीनं उभा राहिला. काय हा विनय! सांगलीत भाजीवाल्या आमच्याशी बसूनच बोलतात.

"कोणासाठी, अम्मा?" त्यानं हळूच विचारलं.

"मामनारुक्कु," मी म्हटलं. मामंजींसाठी. एका शब्दात भागत होतं.

"नाववाले अय्या?"

मी मान हलवली.

"अय्यय्यो," तो म्हणाला. "लांबी?"

मी हात पसरून, मग चार पावलं चालून दाखवली. तो बघतच राहिला. "एवढी?"

"जास्तच असू दे. दोन्ही बाजूंनी लोंबायला हवं. आणि टिकाऊ हवं हं. वाऱ्यापावसात सुटायला नको."

"टिकाऊ?" त्यानं माझ्याकडे निरखून पाहिलं. "अम्मा, नदीपर्यंत टिकलं की झालं ना?"

किती समजूतदार माणूस! आडीत नाव पाण्यात गेली की छपराची गरज संपली. न सांगता ह्याला कळलं.

"हो, नदीपर्यंतच," मी म्हटलं. "पुढे काही नाही."

मग त्यानं भाव सांगितला. मी निम्मा सांगितला. आईची शिकवण. त्यानं तोंडाचा आ केला. मी पाठ फिरवून चालायला लागले. ही आईची दुसरी शिकवण. मागून हाक आली. वळून बघते तर त्याच्या डोळ्यांत पाणी!

"तुमच्या मनाला येईल ते द्या, अम्मा," तो म्हणाला. "ह्या गोष्टीत मी बोलणार नाही."

निम्म्याच्याही खाली मिळालं. बांबू, कामट्या, काथ्या सगळं धरून! मी मनातच सासूबाईंपुढे उभी राहून हिशेब सांगितला.

"आत्ताच आणून टाकू?" त्यानं विचारलं.

"आज नको. उद्या पहाटे. घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही."

त्यानं हात जोडले. मीही जोडले.

पहाटे सासूबाई आणि हे देवळात गेले. मामंजी रात्रभर खोकून आत्ताच कुठे डोळा लागलेले. एकादशी, म्हणून चूल पेटवायची नव्हती. मी दारात उभी. झावळीवाला गाडी घेऊन आला, अगदी गुपचूप. दारासमोर सडा घातलेल्या जागेवर त्यानं बांबू ठेवले, हिरव्या झावळ्या ठेवल्या, काथ्या ठेवला, आणि एक मडकं. मडकं मी मागितलं नव्हतं. म्हटलं, नावेतलं पाणी उपसायला दिलं असेल! हसू नका. नावेशेजारी ठेवलेलं मडकं पाणी उपसायचंच दिसतं.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली नाही. ती जागा कोलमची होती. मार्गळी महिन्यात इथं प्रत्येक दारात पहाटे भलीमोठी रांगोळी पडते, शेणाच्या गोळ्यात भोपळ्याचं फूल खोचून मधोमध ठेवतात. आमच्या दारातली रांगोळी माझ्याकडे होती. आज तिथं झावळ्या पडलेल्या. म्हटलं, एक दिवस राहिली तर काय बिघडतं?

शेजारच्या मामी आपली रांगोळी घालायला बाहेर आल्या. त्यांनी आमच्या दाराकडे पाहिलं. रांगोळी नाही. चुलीचा धूर नाही. बांबू. हिरव्या झावळ्या. त्यांच्या हातातली पिठाची वाटी तिथंच पालथी पडली. धावत आल्या आणि मला मिठी मारून ढसाढसा रडायलाच लागल्या.

मी घाबरले. मग म्हटलं, वैकुंठ एकादशी आहे. इकडच्या बायकांना भक्तीनं रडू येतं, हे मी देवळात पाहिलेलं होतं. मी त्यांच्या पाठीवर थोपटलं.

मामींचं तमिळ मी इथं मराठीत सांगते.

"मामंजी कुठं आहेत ग?"

"आत. रात्रभर खोकला होता. पहाटे शांत झाले."

"शिव शिव शिव! आणि घरातली दोघं?"

"देवळात गेलीत."

मामींनी डोळे पुसले. "त्यांना कळवलं नाहीस?"

"नाही. आल्यावर बघतीलच. त्यांना आश्चर्य वाटू दे."

मामी एक पाऊल मागे सरकल्या. माझ्याकडे पाहिलं, झावळ्यांकडे पाहिलं. "हे सगळं तू एकटीनं आणलंस?"

"कालच ठरवून आले," मी जरा अभिमानानंच म्हटलं.

"कालच?" मामी म्हणाल्या, आणि घरात गेल्या. काहीतरी भांडं पडल्याचा आवाज आला.

मग जे झालं ते पाहून मला गल्लीचं फार कौतुक वाटलं. एकेक करून माणसं यायला लागली. मार्गळीची थंडी, त्यामुळे सगळ्यांच्या डोक्याला मफलर, अंगावर शाल, नाकाचा शेंडा तेवढा बाहेर. मामींचे यजमान, निवृत्त हेडमास्तर आले. पलीकडच्या घरातले आप्पाराव आले. आप्पाराव आपले मराठी, आणि गल्लीत कुणाकडे काहीही असो, बांधाबांधीला पुढे. कुणी काही बोलेना. ओट्यावर ओळीनं बसले. म्हटलं, नावेवर छप्पर पडणार म्हणून गल्ली बघायला आली! इतकी आस्था? आणि मी उगाच समजत होते की नावेला सगळे कंटाळलेत.

आप्पारावांनी दोन बांबू जवळ जवळ मांडले आणि आडव्या कामट्या बांधायला घेतल्या. बांधत होते छान, पण माप चुकत होतं. मी खरं तर पुरुषांसमोर बोलत नाही. पण काम माझं होतं.

"इतकं अरुंद नको," मी हळूच म्हटलं. "चांगलं रुंद हवं."

आप्पारावांनी वर पाहिलं. "रुंद? पोरी, रोजच्यासारखेंच बांधतों आहें."

"रुंद हवं. आणि मध्ये उंच करा."

"मध्यें उंच? तें कायकरतां?"

"पाणी निथळायला. नाहीतर आडीपर्यंत कुजेल."

आप्पारावांच्या हातून काथ्याचा गुंडा सुटला. ओट्याकडे वळून ते हळूच म्हणाले, "हिला आंत न्या कुणीतरी. धक्का बसला आहे मुलीला."

धक्का कसला? मला काही कळेना. मामींनी माझा दंड धरला. मी नावेचा काठ धरला. अशी आमची ओढाताण चाललेली असताना मामंजी उठून बाहेर आले.

तेही मफलर गुंडाळून, शाल पांघरून. बाहेर पाहतात तो ओटा माणसांनी भरलेला, सगळे मान खाली घालून, खाली हिरव्या झावळ्या. मामंजी तंजावरचे. त्यांना ह्याचा अर्थ शिकवायला नको. गल्लीत कुणीतरी गेलं. ते चुपचाप येऊन ओट्याच्या टोकाला, हेडमास्तरांशेजारी बसले. त्यांनीही मान खाली घातली.

थोड्या वेळानं हेडमास्तरांकडे कलून कुजबुजले, "कोण?"

"नाववाले," हेडमास्तर जमिनीकडे बघत म्हणाले.

मामंजी विचारात पडले. "कोणते नाववाले?"

"गल्लीत नाववाले किती आहेत?"

मामंजींनी मनात मोजले असावेत. बराच वेळ लागला.

"कधी?"

"पहाटे. सून सांगते."

"सून म्हणाली?" मामंजींनी मफलर आणखी ओढून घेतला. सून म्हणाली म्हणजे खरं असणार, असा काहीसा चेहरा झाला त्यांचा. एरवी मी बोलत नाही ना!

"पुण्यवान माणूस," पलीकडून कुणीतरी म्हणालं. "वैकुंठ एकादशीला गेला. दार उघडं, सरळ आत."

"माणूस चांगलाच," हेडमास्तर म्हणाले. "पण हट्टी."

"हट्टी?" मामंजी म्हणाले.

"भयंकर! ही नाव बघा ना. किती वर्षं गल्ली अडवून बसलीय. माझी सायकल दोनदा धडकली. तोंडावर कोण सांगणार? आता घरचे मोडतील. भोगीला मस्त जाळ होईल. वाट मोकळी."

"नाव कुणीं मोडायची नाही!" मामंजी कडाडले. उठून उभे राहिले, मफलर सुटला. "मी मेलों तरी मोडायची नाही!"

काय सांगू! ओटा एका दमात रिकामा. हेडमास्तर जे उडाले ते थेट नावेत. आप्पाराव अर्धवट बांधलेली कामटी छातीशी धरून "नारायण, नारायण" करायला लागले. मामी माझा दंड सोडून रस्त्यात मटकन खाली बसल्या. मी तेवढी जागच्या जागी उभी. मला अजूनही एवढंच समजत होतं की नावेवरून भांडण झालं.

नेमक्या त्याच वेळी सासूबाई आणि हे कोपऱ्यावरून वळले. हातात तुळशीचा प्रसाद. मामी तशाच उठून त्यांच्याकडे धावल्या. "अहो, तुमचे यजमान…"

"काय त्यांस?" सासूबाई म्हणाल्या. "कोपऱ्यापासून ऐकूं येताहेत कीं!"

मग त्यांची नजर दाराकडे गेली. बांबू, काथ्या, झावळ्या, मडकं. त्या थांबल्या. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

तेव्हा कुठे मामींनी मला सांगितलं. छपराच्या झावळ्या भिजवून, विणून, वाळवून तपकिरी झाल्यावर विकतात. हिरव्या, ताज्या विणलेल्या झावळ्या इथं एकाच गोष्टीसाठी नेतात. बांबूवर अंथरायला. माणूस न्यायला.

आमच्याकडे तिरडी म्हणजे बांबू, कामट्या आणि कडबा. आणि ती बांधतात तेव्हा बायका आत असतात. नारळाचं झाड सांगलीत मी पाहिलंय ते पूजेच्या नारळावरून कल्पना करूनच. मला कुठून कळावं?

मी सगळं सांगितलं. इतकी वाक्यं त्या घरात मी पहिल्यांदाच बोलत होते. पुलाजवळचा माणूस, हिरवा ढीग, त्याचा पडलेला चेहरा, "नदीपर्यंत टिकलं की झालं ना". आप्पाराव मध्येच खुदकन हसले आणि मामंजींकडे बघून परत गंभीर झाले. भाव केल्याचं मात्र मी गाळलं. सांगायचं म्हणून तोंडाशी आलं होतं, पण सासूबाईंचा चेहरा पाहून गिळलं.

गिळून काय होतंय! दुपारपर्यंत बाजारातून बातमी गल्लीत आली. सासऱ्याच्या तिरडीचा भाव पाडणारी सून! तंजावरात आजवर कुणी ह्या मालाला भाव केला नव्हता. विकणारा काय सांगेल ते द्यायचं आणि मान खाली घालून निघायचं, अशी चाल. मी तर पाठ फिरवून चालायला लागले होते. म्हणजे नको असेल तर राहू दे, दुसरीकडे बघते! बिचाऱ्याला काय वाटलं असेल?

माल परत घ्यायला तो येईना. असला माल गेला की परत घेत नाहीत. सासूबाई तो घरात ठेवू देईनात. शेवटी आप्पारावांनी सगळा भारा गल्लीच्या टोकाला नेऊन ठेवला आणि भोगीला तोच पेटवला. वाळून झकास पेटला. नाव मात्र राहिली.

कारण एकादशीच्याच संध्याकाळी सासूबाईंनी पेटीतून पैसे काढून ह्यांच्या हातावर ठेवले. "ती मेणाची ताडपत्री घेऊन या. पितळेच्या कड्यांची. काय पडेल तें पडूं दे. पण हिला एकटीला बाजारांत पाठवूं नका." मामंजींनी ताडपत्री स्वतः उभं राहून बांधून घेतली, मध्ये उंच करून. "सूनबाईचें तेवढें बरोबर होतें," आप्पारावांना म्हणाले. "पाणी निथळतें." हेडमास्तरांशी मात्र ते पोंगल होईपर्यंत बोलत नव्हते.

आडी आली, कालव्याला नवं पाणी आलं, नाव पाण्यात गेली. फळ्या खणखणीत. पहिल्या दिवशी आम्ही चौघंही बसलो. सासूबाई डब्यातला चिंचेचा भात मांडीवर धरून, मामंजी पुढे छत्री घेऊन.

पुलाजवळ झावळीवाला गुडघाभर पाण्यात उभा राहून झावळ्या भिजवत होता. आमची नाव पाहून त्यानं हातातलं काम सोडलं. आधी मला पाहिलं, मग मामंजींना. बराच वेळ मामंजींना पाहिलं.

"अम्मा!" त्यानं हाक मारली. "टिकाऊ पाहिजे म्हणाला होता. चांगले टिकलेत!"

"नदीपर्यंत आलों कीं!" मामंजी छत्री हलवून त्याला ओरडून म्हणाले. "बसून आलों आहें!"

तो हसला. हे हसले. सासूबाईसुद्धा डब्याकडे बघत हसल्या. मामंजी माझ्याकडे वळले. इतके महिने पोटात ठेवलेला प्रश्न होता तो.

"सूनबाई, बाकी सगळें समजलें. नवी माणूस, चूक होते. पण भाव कां केलास गे? माझी किंमत तेवढीही नव्हती?"

नेहमीसारखी मान हलवली असती तर निभावलं असतं. पण मी नावेत होते ना! नावेत माझं तोंड सुटतं.

"अजून पाडला असता मामंजी," मी म्हटलं, "पण तो रडायला लागला."